तीन ते पंधरा

संपादकांना मेंदूच्या दुखापतीवरच्या नव्या यंत्रांचा लेख हवा होता, म्हणून अकोला गाठलं. इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2002 चं. त्याच्या ‘सर्वोपचार’मध्ये बुलढाणा-वाशीमचेही रुग्ण येतात. इतिहास एवढा पुरे. कारण शहरातल्याच एका अतिदक्षता विभागात माझी नजर अडकली ती व्हेंटिलेटरवर नाही, सिस्टरांच्या बॉलपेनवर.

दुचाकीवरून पडलेला पोरगा. “ए दादा, डोये उघड बरं!” काही नाही. सिस्टरांनी पेन आडवं धरून त्याच्या नखावर दाबलं. त्यानं हात मागे ओढला, डोळे किलकिले केले, एक तुटका शब्द बोलला. कागदावर पडलं: डोळे 2, बोलणं 3, हालचाल 4. बेरीज 9. आणखी एकानं उतरली की श्वासनलिकेत नळी घालायची तयारी.

ही मोजणी ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 मध्ये मांडली. कमीत कमी 3, जास्तीत जास्त 15. सीटी स्कॅन त्या घडीचं चित्र दाखवतो. रात्री दोनला आत रक्त साचू लागलं तर ते कळतं या घसरत्या आकड्यावरून. अर्थात, कुणी जागं राहून मोजलं तर.

मेळघाटातला कोरकू माणूस आला की बोलण्याचे गुण अडतात. तो भ्रमात बडबडतोय की आपल्या भाषेत नीट उत्तर देतोय? सिस्टर बाहेरच्या नातेवाइकाला आत घेतात: “मामा, हा बरोबर बोलून राह्यला का?” असा मामा कुठल्याही नियमावलीत नाही. मला तो फार महत्त्वाचा वाटला.

औषधांत मोठी झेप म्हणावी असं थोडंच घडलंय. डोक्याच्या माराला तेव्हा सर्रास दिलं जाणारं स्टेरॉइड मृत्यू वाढवतं, हे 2004 च्या मोठ्या चाचणीनं दाखवलं. 2019 मध्ये 29 देशांतल्या चाचणीतून ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड पुढे आलं: रक्तस्राव रोखणारं, स्वस्त, सौम्य ते मध्यम दुखापतीत उपयोगी. अट एकच, 3 तासांच्या आत.

आणि मेळघाटातल्या धारणीहून अमरावती दीडशेच्या आसपास किलोमीटर, मधे घाट. इंजेक्शन धारणीतच देता येतं. पण त्याआधी पाड्यावरून धारणी गाठायची असते. 2014 पासून 108 रुग्णवाहिका आहे, तरी बरेच जण मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसूनच येतात. चिठ्ठीवर ‘डोक्याला मार’ एवढंच, वेळ नाही.

“कधी पडला विचारलं, तं म्हणतात, दिवस बुडता बुडता,” सिस्टर सांगतात. मग डॉक्टर सूर्यास्त धरून तास मोजायला लागतात.