बोलता येईल इतकंच धावा
लेखमाला : दमसास / लेखांक ७

मागच्या लेखांकात बैठ्या कामाने शरीराचं काय होतं ते आपण पाहिलं. मग साहजिकच प्रश्न येतो, किती हालचाल केली म्हणजे पुरे, आणि त्यासाठी धावायलाच हवं का? या प्रश्नाच्या उत्तराची पहिली भक्कम खूण लंडनच्या बसमध्ये सापडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने मोठ्या संख्येने दगावू लागले होते आणि कारण कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी वेगवेगळी कामं करणाऱ्या माणसांची तुलना करायचं ठरवलं. लंडनच्या दुमजली बसवर एक ड्रायव्हर असे आणि एक कंडक्टर. (मुंबईत बेस्टच्या जुन्या डबलडेकरवर खाली एक आणि वर एक असे दोन कंडक्टर असत, लंडनमध्ये दोन्ही मजले एकालाच सांभाळावे लागत.) दोघंही साधारण एकाच थरातले, एकाच संस्थेचे नोकर. ड्रायव्हरची जवळजवळ सगळी पाळी बसून जायची. कंडक्टर मात्र तिकिटं देत देत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या नोंदी तपासून मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, होणाऱ्यांना उशिरा होत होता, आणि पहिल्या झटक्यातच जाण्याचं प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा पुष्कळ कमी होतं. मग त्यांनी टपाल खात्याकडे पाहिलं. पायी आणि सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीत बसणारे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला.

मला या संशोधनातला पुढचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. मॉरिस यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली. कदाचित मुळात स्थूल असलेली माणसंच ड्रायव्हरची नोकरी धरत असतील, मग दोष बसण्याचा कसा म्हणायचा? ते पडताळायला त्यांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि विजारींची कंबरेची मापं पाहिली. शंका अगदीच पोकळ नव्हती, ड्रायव्हरांच्या कंबरा खरोखरच मोठ्या होत्या. पण सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर, जाड ड्रायव्हर आणि जाड कंडक्टर अशा जोड्या लावल्या, तरीही अचानक मृत्यू कंडक्टरांमध्ये कमीच होते. म्हणजे वजन कितीही असो, जिन्याचा फायदा होताच. आपल्याकडे व्यायामाचा हिशोब अजूनही वजनकाट्यावरच मांडला जातो. दोन महिने धावून काटा हलला नाही की माणूस बूट कोपऱ्यात टाकतो. त्या दोन महिन्यांत हृदयाने काय कमावलं, हे काटा दाखवत नाही.

हृदय काय कमावतं ते आता पाहू. व्यायाम न करणाऱ्या निरोगी माणसाचं हृदय स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला साधारण ७० ठोके देतं आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. म्हणजे मिनिटाला पाच लिटरच्या आसपास. काही वर्षं नियमित धावणाऱ्या माणसालाही बसल्याजागी तेवढंच रक्त लागतं. पण त्याच्या हृदयाचा डावा कप्पा जास्त भरतो, एका ठोक्यात १०० मिलिलिटर बाहेर पडतं आणि तेच काम ५० ठोक्यांत होतं. जिना चढताना, गाडी पकडताना, तापात, बाळंतपणात, एखाद्या शस्त्रक्रियेत शरीर जास्त रक्त मागतं तेव्हा या हृदयाकडे शिल्लक असते. दमसास म्हणजे हीच शिल्लक.

ती घटते कशी, हे अमेरिकेत डॅलसमध्ये १९६६ साली झालेल्या एका प्रयोगाने दाखवलं. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितलं. जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरता येतो, ही त्यांची क्षमता तेवढ्या काळात पाव हिश्श्याहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, ते त्या तीन आठवड्यांच्या नुकसानापेक्षा कमी निघालं! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालणं, संथ धावणं आणि सायकलिंग दिलं. पाचांची क्षमता विशीतल्या प्रयोगापूर्वी होती तिथपर्यंत परत आली. पाचच माणसं, ही या प्रयोगाची मर्यादा खरी. पण ‘आता वय झालं’ असं चाळिशीतच म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग लक्षात ठेवावा असं मला वाटतं.

शरीरात हे बदल एका क्रमाने होतात, आणि तो क्रम माहीत असला तर अनेक दुखणी टळतात. सराव सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो. हृदयाकडे जास्त रक्त परतून येतं, कप्पा जास्त ताणला जातो. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि पेशींमधल्या तंतुकणिका वाढतात. शाळेत आपण त्यांना पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणून पाठ केलं होतं. धावणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत या कणिकांची ऑक्सिजन वापरण्याची ताकद जवळपास दुप्पट होते, हे जॉन हॉलोझी यांनी १९६७ साली दाखवून दिलं. मधुमेह घरोघरी पोहोचलेल्या आपल्या समाजाला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर आत घेण्याची दारं इन्सुलिनशिवायही उघडतो. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही हा रस्ता बऱ्याच अंशी शाबूत राहतो. म्हणून जेवणानंतरचं पंधरा मिनिटांचं चालणंही साखरेच्या आलेखावर उमटतं.

हाडं आणि कंडरा मात्र या सगळ्याच्या फार मागे असतात. हृदय काही आठवड्यांत तयार होतं. टाचेमागची कंडरा आणि नडगीचं हाड यांना कित्येक महिने लागतात. महिनाभर धावल्यावर दम पुरू लागतो, हुरूप येतो, माणूस वेग आणि अंतर दोन्ही एकदम वाढवतो आणि नेमकी तेव्हाच नडगी ठणकू लागते. दम साथ देतो म्हणून पायही देतील असं धरून चालू नका.

महाराष्ट्रात कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे जा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली डांबरी रस्त्यावर पळताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, घड्याळाशी शर्यत. त्यांच्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आपल्याकडे धावणं म्हणजे हेच, छाती फुटेपर्यंत पळणं, अशी समजूत त्यातून पक्की झाली आहे. शाळेतही धावण्याची ओळख शर्यतीतूनच होते, आणि पहिल्या तिघांत न येणारी मुलं धावणं तिथेच सोडून देतात. मग चाळिशीतला माणूस डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मैदानावर येतो, शाळेतल्यासारखा सुसाट सुटतो, दोनशे मीटरवर धाप लागून थांबतो आणि ‘आपल्याला नाही जमायचं’ असं ठरवून परत जातो. त्याचा वेग चुकलेला असतो, एवढंच.

योग्य वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. त्यासाठी चालावं लागलं तरी चालेल. या वेगाला व्यायाम म्हणावा का, अशी शंका लोकांना येते. त्याचं उत्तर हृदयाच्या रचनेतच आहे. सराव नसलेल्या माणसात एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त मध्यम श्रमातच जवळपास कमाल पातळी गाठतं. त्यापुढे वेग वाढवला तर मुख्यतः ठोके वाढतात. म्हणजे कप्पा ताणून भरण्याचं काम संथ धावण्यातही पुरेपूर होतं, आणि तो वेग अर्धा तास टिकवता येतो. जगभरचे मोठे लांब पल्ल्याचे धावपटूसुद्धा आपला बहुतांश सराव सोप्या वेगातच करतात. साताऱ्यातल्या मोहीची ललिता बाबर आणि बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे यांचा स्टीपलचेसमधला वेग आपण पाहिला आहे. त्यामागचे सावकाश काढलेले असंख्य किलोमीटर आपल्याला दिसत नाहीत.

किती धावावं, यावर २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास आहे. ५५ हजारांहून अधिक लोकांचा सरासरी पंधरा वर्षं मागोवा घेतला. धावणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचं सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतं. दिवसाला पाच-दहा मिनिटं, तेही ताशी दहा किलोमीटरहून कमी वेगाने धावणाऱ्यांमध्येही मोठा फरक होता. असे अभ्यास कार्यकारण पुरतं सिद्ध करत नाहीत, कारण धावायला निघणारी माणसं मुळात जास्त तब्येतीची असू शकतात. तरी बस, टपाल, अंथरूण आणि प्रयोगशाळा सगळीकडून एकच दिशा दिसते तेव्हा मी ती मान्य करतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम सांगते. पण सर्वांत मोठी उडी शून्यापासून थोड्यापर्यंतची आहे.

‘गुडघे झिजतील’ ही भीती मात्र बहुतेकांच्या मनात घर करून बसलेली असते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९८४ पासून पन्नाशीपुढच्या धावपटूंचा आणि न धावणाऱ्यांचा दोन दशकं पाठपुरावा केला. धावणाऱ्यांच्या गुडघ्यांत संधिवात जास्त आढळला नाही, आणि रोजच्या हालचालींतली अडचण त्यांना बरीच उशिरा आली. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब पडतो आणि सुटतो तेव्हा तिच्यात द्रव खेळतो आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. आधीच दुखावलेल्या किंवा सुजलेल्या गुडघ्याची गोष्ट वेगळी. तिथे आधी उपचार, मग धावणं.

आता मनाबद्दल. धावल्यावर येणाऱ्या प्रसन्नतेचं श्रेय बरीच वर्षं एन्डॉर्फिनला दिलं गेलं. पण रक्तातलं एन्डॉर्फिन मेंदूभोवतीचा अडसर सहजी ओलांडत नाही. आता संशोधकांचं लक्ष आनंदामाइडसारख्या, शरीर स्वतःच बनवत असलेल्या स्निग्ध रेणूंकडे वळलं आहे. ते मेंदूत सहज शिरतात, आणि धावल्यावर रक्तात वाढलेले सापडतात. ही झाली तासाभराची प्रसन्नता. खरी किंमत आहे ती महिन्यांनी दिसणाऱ्या बदलाची. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेन्थाल यांनी नैराश्याचा आजार असलेल्या पन्नाशीपुढच्या १५६ जणांचे तीन गट केले. एकाला सर्ट्रलीन हे औषध, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा चालणं-धावणं असा व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. औषधाचा गुण लवकर आला. पण सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखे सुधारले होते. १९९९ सालचं हे संशोधन वाचून कोणीही आपली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. गोळी चालू ठेवून चालायला सुरुवात करावी, आणि बाकीचं डॉक्टरांशी बोलून ठरवावं. नैराश्यात अंथरुणातून उठणंच डोंगराएवढं असतं. तेव्हा अशा माणसाला ‘जा, धावून ये’ म्हणू नका, चप्पल घालून त्याच्याबरोबर निघा.

स्मरणशक्तीचं केंद्र असलेला मेंदूतला हिप्पोकॅम्पस वयाबरोबर आक्रसत जातो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५५ ते ८० वयाच्या १२० जणांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालण्याचा व्यायाम केला. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. फक्त ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला. इथे तर कोणी धावतही नव्हतं.

सुरुवात करायची तर दोन मिनिटं चाला, एक मिनिट संथ धावा, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा ठेवून. दोन-तीन आठवड्यांनी धावण्याचं मिनिट थोडं वाढवा. चाळिशी ओलांडलेली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कोणाला लवकर हृदयविकार झाला असेल, तर आधी तपासणी करून घ्या. धावताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर जाणवली तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत उरका. ताप असेल त्या दिवशी धावू नका.

शेवटचं सांगणं घरातल्या सगळ्यांना. ‘ती दिवसभर राबतेच की, तिला वेगळा व्यायाम कशाला?’ हे वाक्य आपल्या घरांमध्ये सर्रास ऐकू येतं. घरकामाने अंग मोडून येतं, पण हृदयाचे ठोके वाढलेले राहून सलग वीस मिनिटं क्वचितच मिळतात. ओटा, पाणी, डबे यांतून बाईला ती मिळत नाहीत. ती तिला वेगळी काढून द्यावी लागतात. आठवड्यातले तीन दिवस सकाळचा चहा आणि डबे दुसऱ्या कोणीतरी करा, आणि तिला बूट घालून बाहेर पडू द्या. याच आठवड्यात सुरू करा.