शस्त्र आणि भय

विद्यार्थिमित्रहो, अमेरिकेतील एखाद्या शाळेत गोळीबार होऊन मुले मृत्युमुखी पडल्याची वार्ता आली म्हणजे आमच्या वर्गात एक प्रश्न हटकून निघतो. "सर, इतका विद्यासंपन्न देश, आणि तेथील लोक घरोघरी बंदुका का बाळगतात?" प्रश्न लहान आहे, परंतु त्याच्या पोटात मोठा विषय दडलेला आहे. शस्त्राने भय नाहीसे होते काय, हा तो विषय होय. त्याचा थोडा ऊहापोह येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम अमेरिकेकडे पाहू. त्या देशाच्या राज्यघटनेत १७९१ साली जी दुसरी दुरुस्ती झाली, तिने शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. राजाच्या खड्या फौजेविरुद्ध लढून ते राष्ट्र नुकतेच स्वतंत्र झाले होते. सबब सरकारच्या हाती सारे बळ असू नये, नागरिकांचे दलही सज्ज असावे, असा त्यामागे विचार होता. रानावनात वसाहत करणाऱ्यास बंदूक हे शेतीच्या अवजारासारखेच वाटे. दक्षिणेकडील मळेवाल्यांस आपल्याच गुलामांच्या बंडाची धास्ती असे, हेही येथे सांगितले पाहिजे. पुढे २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणार्थ घरी बंदूक ठेवणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे २०१८ साली, जिनीव्हा येथील एका संशोधनसंस्थेने केलेल्या अंदाजाप्रमाणे तेथील नागरिकांपाशी सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या. ही संख्या त्या देशाच्या लोकसंख्येहूनही अधिक आहे!

यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. १९९९ साली बंदूक बाळगणाऱ्यांस कारण विचारले, तेव्हा सुमारे निम्म्यांनी शिकार हे मुख्य कारण सांगितले व चौथा हिस्साच लोकांनी स्वसंरक्षण म्हटले. २०१३ साली पुनः विचारले, तो सुमारे निम्मे लोक स्वसंरक्षण म्हणू लागले होते. या चौदा वर्षांत तेथील हिंसक गुन्हे वाढले म्हणावे, तर तसेही नाही. ते उलट घटले होते. गुन्हे घटले आणि भय मात्र वाढले! आणि त्या भयापोटी घरात आणलेल्या शस्त्राने काय केले? २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ जणांनी स्वतःच्याच हाताने आपला जीव घेतला. ज्या चोराकरिता बंदूक आणली, तो बहुधा आलाच नाही. निराशेची एक काळरात्र मात्र आली, आणि शस्त्र हाताशी होते.

आता दहशतवादाचा विचार करू. सैन्य शत्रूची भूमी जिंकू पाहते. दहशतवादी जिवंत राहिलेल्यांची मने जिंकू पाहतो. तो थोड्यांस मारतो, ते पुष्कळांनी भ्यावे म्हणून. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत विमाने इमारतींवर आदळवून २,९७७ निरपराध माणसे मारण्यात आली. ते कृत्य घोर होते, यात संशय नाही. परंतु पुढे काय घडले? दोन महिन्यांच्या आत नागरिकांवर पाळत ठेवण्याचे विस्तृत अधिकार सरकारला देणारा कायदा झाला. २००३ साली इराकवर स्वारी झाली. ज्या महाभयंकर अस्त्रांचे कारण तिच्यासाठी पुढे केले होते, ती सापडलीच नाहीत. भ्यालेला मनुष्य रक्षणाच्या मोबदल्यात काहीही देऊ करतो, हे राजकारणी पुरुष पुरते ओळखून असतात. त्यालाच भयाचे राजकारण म्हणतात.

हे वाचून कोणी परक्यांस हसू नये. आमचे धरणगाव भयाचा इतिहास फार पूर्वीपासून जाणते. इंग्रजांनी येथे १६७४ साली वखार घातली, आणि दुसऱ्याच वर्षी ती शिवाजी महाराजांच्या सैन्याने लुटली. पुढे मराठेशाहीच्या उत्तरकाळी खानदेशात अंदाधुंदी माजली. डोंगरातील भिल्ल गावे लुटीत, आणि अंमलदार त्यांचा सूड निर्दयपणे घेत. कोपरगावी तर भिल्लांस भेटीस बोलावून विश्वासघाताने धरले व विहिरींत लोटले. धरणगावातही भिल्लांची भयंकर कत्तल झाली. गावकरी भिल्लास भीत, भिल्ल सरकारास भीत, आणि प्रत्येक कत्तलीनंतर लूट मात्र चालूच राही. १८१८ साली इंग्रजी अंमल आला. त्यानेही प्रथम फौजांचाच उपाय केला, पण सातपुड्याच्या व सातमाळ्याच्या रानात तो पुरता लागू पडला नाही.

मग १८२५ साली धोरण पालटले. भिल्लांकरिता स्वतंत्र अधिकारी नेमण्यात आले, मागील अपराधांची माफी देऊन त्यांस शेतीस लावण्याचे ठरले, आणि जेम्स औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम आले. याने आधी चढाई करून काही भिल्ल पकडले होते. त्याच कैद्यांना सोडून त्यांच्या हाती त्याने नाईकांकडे निरोप धाडले. तो शिपाई बरोबर न घेता रानात त्यांच्यामध्ये जाऊन राहिला, त्यांच्यासह शिकारीस गेला, त्यांस मेजवान्या दिल्या. पहिल्याने मिळाले ते अवघे नऊ जण, आणि त्यांतील एक नामांकित लुटारू! त्या नवांतून खानदेश भिल्ल पलटण उभी राहिली. तिचे ठाणे हेच आमचे धरणगाव होय. जेथे भिल्लांची कत्तल झाली होती, तेथेच भिल्लांच्या हाती सरकारने बंदूक दिली, आणि तीच माणसे वाटांची राखण करू लागली.

औट्रमसाहेबाची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. तो कंपनीचा चाकर होता, आणि कंपनीला राज्य हवे होते. १८५८ साली अंबापाणीच्या लढाईत सरकारच्या बंदुका पुनः भिल्लांवरच झडल्या. विश्वास अर्धा ठेवला म्हणजे शांतताही अर्धीच मिळते. तथापि जे कत्तलींनी साधले नाही, ते भीती सोडून जवळ गेल्याने पुष्कळ अंशी साधले, एवढे खरे.

आपल्या देशात शस्त्र हा हक्क नसून परवान्याची बाब आहे. १८७८ चा शस्त्रांचा कायदा परकी सरकारने प्रजेच्या भयाने केला. युरोपियनांस त्यातून सूट होती, म्हणून तो आमच्या लोकांस अपमानकारक वाटे. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा करून तो भेद काढला, परंतु परवाना ठेवला. तो ठेवला हे बरेच झाले, असे आमचे मत आहे. मात्र बंदूक नाही म्हणून आम्ही निर्भय व निर्दोष आहो, असे कोणी समजू नये. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा हातोहाती फिरत होती. मारणारे कोणी दहशतवादी नव्हते. ते भ्यालेले बाप, काका व शेजारी होते. तेथे बंदुकीची गरज पडली नाही. भयाला हाताशी येईल ते शस्त्र पुरते.

याच्या उलट दुसरे चित्र पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ माणसे प्राणास मुकली. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर साताऱ्याकडील तुकाराम ओंबळे या पोलीस अंमलदाराने अजमल कसाबची बंदूक नळीपाशी घट्ट धरली. गोळ्या स्वतःच्या देहावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यामुळे अपराधी जिवंत सापडला, त्याची न्यायालयात रीतसर चौकशी झाली, वकील मिळाला, आणि मग २०१२ साली शिक्षा अमलात आली. क्रौर्याला उत्तर कायद्यानेही देता येते, हे जगास दिसले. ओंबळे यांच्या हाती त्या वेळी केवळ लाठी होती.

प्रभू येशूला धरावयास लोक आले, तेव्हा पेत्राने भयाने तरवार उपसली व एकाचा कान छाटला. प्रभूने तरवार म्यानात घालावयास सांगितले, आणि त्या शत्रूचा कान बरा केला. पेत्र भित्रा नव्हता असे म्हणावे, तर त्याच रात्री त्याने आपल्या गुरूस तीनदा नाकारले. तरवार उपसणारा हात आणि नाकारणारी जीभ, दोहोंच्या मुळाशी एकच भय होते.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, तुमच्या हाती बंदूक येण्याचा संभव थोडा. भय व अफवा मात्र रोज येणार, आणि बहुधा खिशातल्या फोनमधूनच येणार. ती आली म्हणजे पुढे धाडण्यापूर्वी थांबा. हे कोणी पाहिले, कोठे, केव्हा, असे विचारा. अनोळखी मनुष्याविषयी शंका आली तर पोलिसांस कळवा, जमावास कळवू नका. आणि अमुक जातीस भ्या, तमुक धर्मास भ्या, असे सांगत कोणी आला, तर तुमच्या भयापासून त्याचा लाभ काय, हे आधी तपासा. औट्रमच्या त्या नऊ भिल्लांनीही एक दिवस भय बाजूस ठेवलेच होते. तुम्हांस ते अवघड का जावे?