विश्लेषण : ‘शेतकऱ्यां’मधला ‘ऱ्या’ कीबोर्डवर हरवतो कुठे?

वाशिम जिल्ह्यातील मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी तहसील, पंचायत समिती आणि नगर पंचायतीचा कारभार मराठीतून चालतो. अर्ज, दाखले, लाभार्थ्यांच्या याद्या, नोटिसा असे बरेच काही आता संगणकावरच तयार होते. त्यात हमखास येणारा शब्द म्हणजे ‘शेतकऱ्यांना’. मात्र हाच शब्द अनेक कागदांवर आणि संकेतस्थळांवर ‘शेतकर्यांना’ असा दिसतो. टाइप करणाऱ्याला मराठी येत नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात यातील बराचसा दोष कीबोर्डच्या लेआउटचा, म्हणजे कोणत्या कळीवर कोणते अक्षर बसवले आहे, याचा असतो. हा लेआउट बदलता येतो का, संगणकात तो असतो कुठे आणि स्वतःचा लेआउट तयार करता येतो का, याचा आढावा.

दिसायला सारखे, तरी वेगळे कसे?

मराठीत ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांनी अर्थ बदलतो. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना, तर ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत ‘र’ आणि ‘ऱ’ यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. ‘ऱ’ला हलन्त जोडून पुढे ‘य’ किंवा ‘ह’ दिला की आडवा, मराठी वळणाचा ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ मिळतो. हेच रूप दुसऱ्या वाटेनेही मिळते. साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह आणि त्यानंतर पुढचे अक्षर.

गोंधळ इथेच सुरू होतो. ‘वऱ्हाड’ हा शब्द पहिल्या वाटेने सहा संकेतांचा होतो, तर दुसऱ्या वाटेने सात संकेतांचा. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणक अक्षरांचे क्रमांक पडताळतो. त्यामुळे यादी एका पद्धतीने टाइप झाली आणि शोध दुसऱ्या पद्धतीने घेतला, तर नाव यादीत असूनही ‘आढळले नाही’ असे उत्तर येऊ शकते. वकिलांच्या नावाआधीच्या ‘ॲड.’चेही तसेच. यातील ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी कुणी ‘अ’वर चंद्र देत असे, तर कुणी हिंदीतला ‘ऍ’ वापरत असे. जुन्या नोंदींत आजही तिन्ही प्रकार सापडतात.

कळ दाबल्यावर आत काय होते?

कीबोर्डला मराठी, इंग्रजी काहीच कळत नाही. अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली, एवढेच तो सांगतो. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचे उदाहरण घेऊ. इंग्रजी ‘जे’ छापलेली कळ दाबली की लिनक्सच्या गाभ्याकडून ३६ हा क्रमांक येतो. पडद्यावरच्या खिडक्या, माउस आणि कीबोर्ड सांभाळणारी ‘एक्स विंडो सिस्टीम’ त्यात ८ मिळवते आणि ४४ धरते. मग तक्त्यात पाहते की ४४ म्हणजे मधल्या ओळीतली सातवी कळ. या कळीवर इंग्रजी लेआउटमध्ये ‘जे’ आहे आणि मराठी इन्स्क्रिप्टमध्ये ‘र’. शिफ्टसह दाबली तर ‘ऱ’.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये एक्स विंडो सिस्टीमचा जन्म झाला आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. कीबोर्डचे हे सगळे तक्ते सांभाळणारा तिचा भाग म्हणजे ‘एक्सकेबी’. तक्ता एकसंध नसतो, तो तुकड्यांनी बनतो. पहिला तुकडा कळींचे क्रमांक सांगतो. दुसरा सांगतो की एका कळीचे मजले किती : साधा, शिफ्टचा, उजव्या ऑल्टचा आणि दोन्हींचा मिळून चौथा. तिसरा तुकडा कॅप्सलॉक आणि शिफ्टसारख्या कळींची वागणूक ठरवतो. चौथा सर्वांत महत्त्वाचा, कोणत्या मजल्यावर कोणते चिन्ह राहते हे सांगणारा. लेआउट बदलणे म्हणजे बहुतेक वेळा हा चौथा तुकडा बदलणे. कळींवर छापलेल्या अक्षरांना यात काही किंमत नसते.

मराठीचा लेआउट ठरवला कुणी?

केंद्र सरकारच्या तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ही रचना आणली. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीचे मानक जाहीर केले, त्यातही तिला स्थान मिळाले. पुण्यातील सी-डॅकने तिचा प्रसार केला. रचना सोपी आहे : स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्या कळीवरच शिफ्टने ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा सर्व लिप्यांत ‘क’ची जागा एकच.

पण सर्वांसाठी एक रचना केली की प्रत्येकाचे थोडे राहून जाते. मूळ रचनेत शिफ्टसह १ दाबले की ‘ऍ’ येत असे. मराठीला हवा असतो ‘ॲ’. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाद्वारे मराठी वर्णमाला निश्चित केली, तीत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आहेत. म्हणजे कागदावर अक्षर मान्य झाले, तरी कळीवर ते यायला लेआउट बदलावाच लागणार होता. रुपयाच्या चिन्हाचेही तसेच झाले. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१० मध्ये ‘₹’ स्वीकारले आणि ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये आले. जुने कीबोर्ड कुणी फेकून दिले नाहीत. तक्त्यात एक चिन्ह वाढवले आणि अनेक लेआउटमध्ये उजवा ऑल्ट व ४ दाबून ते मिळू लागले.

आपला लेआउट तयार कसा होतो?

एक्सकेबीचे तक्ते साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. भारताच्या फाइलीत मराठीसाठी सुधारित इन्स्क्रिप्ट तसेच उच्चारानुसारी ‘कगप’ रचना तयार मिळते. ‘कगप’ हे नाव कन्नड गणक परिषद या संस्थेवरून आले आहे. स्वतःचा लेआउट करायचा तर सगळे पहिल्यापासून लिहावे लागत नाही. ‘तयार मराठी लेआउट आधी घे आणि फक्त ही एक कळ बदल’, एवढे सांगणाऱ्या चार ओळी पुरतात. कळीच्या नावापुढे कंसात तिच्या मजल्यांवरची चिन्हे ओळीने लिहायची. ‘ऍ’च्या जागी ‘ॲ’चा युनिकोड क्रमांक ०९७२ लिहिला की काम झाले.

त्यानंतर हा मजकूर यंत्राला समजेल अशा रूपात आणून चालू प्रणालीला द्यावा लागतो. एक्समध्ये त्यासाठी दोन छोटे प्रोग्रॅम आहेत. ‘सेट-एक्सकेबी-मॅप’ तयार लेआउटपैकी एक निवडतो, तर ‘एक्सकेबी-कॉम्प’ आपण लिहिलेल्या तक्त्याचे रूपांतर करून तो प्रणालीवर चढवतो. संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही, पुढच्या कळीपासून नवा तक्ता लागू होतो. म्हणूनच हे काम प्रोग्रॅमकडूनही करून घेता येते. उदाहरणार्थ, टंकलेखनाच्या सरावाचा प्रोग्रॅम सुरू होताना मराठी लेआउट लावेल आणि बंद होताना जुना परत ठेवेल.

सावधगिरी मात्र हवी. एक अर्धविराम सुटला तरी रूपांतर फसते. प्रणालीच्या मूळ फाइलीत बदल केला, तर पुढच्या अपडेटमध्ये तो पुसला जातो. असा बदल बहुधा चालू सत्रापुरताच असतो, मध्येच दुसरा कीबोर्ड जोडला तर त्याला जुनाच लेआउट लागू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे : एक्सकेबीत एका वेळी चार लेआउट ठेवता येतात, त्यात पहिला इंग्रजीच असू द्यावा. नाहीतर पासवर्ड इंग्रजीत आणि कीबोर्ड मराठीत, अशी अवस्था होऊन स्वतःच्याच संगणकाबाहेर उभे राहण्याची वेळ येते.

एका कळीतून ‘क्ष’ का येत नाही?

एक्समधील साध्या तक्त्यात एका मजल्यावर एकच चिन्ह बसते. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर वाटते, पण युनिकोडमध्ये ते ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असे तीन संकेत आहेत. ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘श्र’ यांचेही तेच. मूळ इन्स्क्रिप्टमध्ये त्यांना एकेक कळ आहे, पण फक्त तक्त्याच्या भरवशावर एक्समध्ये ती चालत नाही.

रेमिंग्टनची अडचण याहून मोठी आहे. देशी बनावटीचा टाइपरायटर गोदरेजने १९५५ मध्ये तयार केला आणि पुढे अनेक दशके कचेऱ्यांत टाइपरायटरचाच खडखडाट होता. टाइपरायटरवर अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने मारली जातात. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग ‘क’. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा : आधी ‘क’, मग वेलांटी. शिवाय टाइपरायटरवर काही अक्षरे आधी अर्धे रूप आणि पुढे काना अशी जोडून उमटतात. म्हणजे वेलांटीची कळ आली की संगणकाने थांबायचे, पुढचे व्यंजन पाहायचे आणि मग दोघांची अदलाबदल करायची. तक्त्याला मागचे-पुढचे काही आठवत नाही. त्यासाठी तक्ता आणि लिहिण्याची खिडकी यांच्यामध्ये बसणारा वेगळा प्रोग्रॅम, म्हणजे इनपुट मेथड, लागतो. लिनक्सवर ‘आयबस’ हे काम करतो.

वेलँडमुळे काय बदलले?

एक्समध्ये जोडलेला कोणताही प्रोग्रॅम सर्वांचा कीबोर्ड बदलू शकत असे. सोयीचे होते, पण धोक्याचेही. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘वेलँड’ या नव्या व्यवस्थेत हा अधिकार फक्त पडदा सांभाळणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमकडे राहिला. तो तयार तक्ता प्रत्येक खिडकीला देतो, खिडक्यांनी तो वाचायचा, बदलायचा नाही. त्यामुळे जुन्या आज्ञा तिथे अपेक्षेप्रमाणे चालत नाहीत. तक्त्यांची भाषा मात्र एक्सकेबीचीच आहे. आपला लेआउट आपल्याच होम फोल्डरमध्ये ठेवून सेटिंगमधून निवडणे, हा आता सरळ मार्ग. मूळ फाइलीला हात लागत नाही आणि अपडेटची भीतीही राहत नाही.

विंडोज आणि मोबाइलवर कसे?

विंडोजमध्ये प्रत्येक लेआउट म्हणजे एक छोटी प्रोग्रॅम-फाइल असते. मायक्रोसॉफ्टच्या ‘कीबोर्ड लेआउट क्रिएटर’ या मोफत साधनात पडद्यावरच्या कळींवर अक्षरे बसवून ती तयार करता येते. तिथे एका कळीतून अनेक संकेत पाठवण्याची सोय असल्याने ‘क्ष’ची कळ बनते, पण रेमिंग्टनची उलटापालट तिथेही साध्या लेआउटला जमत नाही. मोबाइलवर कीबोर्ड हेच मुळी एक ॲप असते. इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा आणि समोर आलेल्या मराठी शब्दांतून निवडायचा, याची सवय तरुणांना झाली आहे. मात्र उच्चारानुसारी पद्धतीत ‘र’ आणि ‘य’ सरळ जोडले की ‘र्य’च होतो. ‘ऱ्य’साठी काय दाबायचे हे माहीत नसेल, तर ‘शेतकर्यांना’ तयार!

उमेदवारांनी आणि कार्यालयांनी काय करावे?

लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द ही अट परिचित आहे. मालेगाव, रिसोड, मानोऱ्यातल्या मुलांसाठी ही एक नोकरी घराचे चित्र बदलणारी असते. मोबाइलवर कितीही वेगाने लिहिता येत असले, तरी बोटांची ती सवय परीक्षेत उपयोगी पडत नाही. म्हणून जाहिरातीत रेमिंग्टन, इन्स्क्रिप्ट की दोन्ही, कोणता लेआउट मान्य आहे हे आधी वाचावे आणि त्याच लेआउटवर सराव करावा. नव्याने शिकणाऱ्याला पर्याय असेल तर इन्स्क्रिप्ट सोयीचे. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर तयार मिळते.

‘ऱ्य’ लिहिण्याचा क्रम पाठ करावा : शिफ्टसह ‘जे’ची कळ म्हणजे ‘ऱ’, ‘डी’ची कळ म्हणजे हलन्त आणि तिरप्या रेघेची कळ म्हणजे ‘य’. ‘ऱ्ह’ हवा असेल तर शेवटी ‘यू’ची कळ.

कार्यालयांसाठी उपाय दुहेरी आहे. एका कार्यालयातल्या सर्व संगणकांवर एकच लेआउट असावा आणि जे सॉफ्टवेअर नावे शोधते, त्याने शोधण्याआधी ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ यांची सगळी रूपे एकसारखी करून घ्यावीत. ‘मालेगाव’ आणि जुन्या पद्धतीचे ‘मालेगांव’ हेही संगणकाला दोन वेगळे शब्दच वाटतात. त्यात नाशिक जिल्ह्यातही मालेगाव आहेच. नावाच्या एका अक्षरावर अनुदानाच्या यादीतला शोध अडत असेल, तर ते अक्षर कोणत्या कळीवर आहे हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही.