आयकिडो : प्रवाही हालचालीतील सामर्थ्य

कराटे व ज्युदो ही नावे आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. त्या मानाने आयकिडो ही जपानी युद्धकला कमी परिचित आहे. तिच्या बहुतेक शाखांत स्पर्धा नसतात. पाहणाऱ्याला ते नुसते गोल फिरणे वाटते. म्हणून ‘प्रत्यक्ष हल्ला झाल्यास याचा उपयोग काय?’ असा प्रश्न केला जातो. या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

‘आय’ म्हणजे मेळ, ‘कि’ म्हणजे प्राणशक्ती आणि ‘डो’ म्हणजे मार्ग. या कलेचे जनक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) होत. तरुणपणी ते सोकाकू ताकेदा यांच्याकडे दाइतो-र्‍यू ही कठोर विद्या शिकले. पुढे ओमोतो या जपानी धर्मपंथाच्या प्रभावाने त्यांची दृष्टी पालटली. हल्लेखोराचा नाश न करता त्याचा हल्ला निष्फळ करावा, हे त्यांनी ध्येय मानले. आयकिडो ही बौद्ध विद्या नव्हे. तथापि हे ध्येय अवैराच्या शिकवणीला जवळचे आहे, असे आम्हांस वाटते.

आता तिचे तंत्र पाहू. समोरून कोणी जोराने ढकलले आणि आपण ताठ उभे राहिलो, तर अधिक बळाचा जिंकतो. आयकिडोत मात्र आपण हल्ल्याच्या रेषेतून बाजूला होतो. आत शिरणे म्हणजे ‘इरिमी’ आणि पायावर वळणे म्हणजे ‘तेनकान’. हल्लेखोराचा जोर अडला नाही म्हणजे तो पुढे जातो व त्याचा तोल सुटतो. नेमक्या त्याच क्षणी त्याचे मनगट बाहेरच्या दिशेस वळवले की तो खाली येतो. या डावाला ‘कोते-गाएशी’ म्हणतात. म्हणजे प्रवाहीपणा ही शोभा नसून तोच या कलेचा कणा होय. हालचाल मध्येच थांबली, तर हल्लेखोर पुन्हा सावरतो आणि डाव फसतो.

परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सरावात जोडीदार आपणहून पडू लागला, तर शिकणाऱ्याला खोटा आत्मविश्वास येतो. ही उणीव ओळखून उएशिबांचे शिष्य केन्जी तोमिकी यांनी आपल्या शाखेत स्पर्धा आणली. दुसरे शिष्य गोझो शिओदा यांनी १९५५ साली योशिनकान शाखा स्थापिली. तिचा खडतर अभ्यासक्रम टोकियोच्या दंगलविरोधी पोलिसांनीही स्वीकारला. हल्ला खरा असेल तरच बचाव खरा ठरतो. त्यासाठी अनेक वर्षे सराव लागतो. पाच-सहा महिन्यांत कोणीही शस्त्रधारी गुंडापुढे उभे राहू नये. तेथून निसटणे हाच शहाणपणा.

मग विद्यार्थ्यांनी शिकावे काय? अवश्य शिकावे. पहिल्याच दिवसापासून शिकवली जाणारी ‘उकेमी’, म्हणजे इजा न होता पडण्याची रीत, जन्मभर उपयोगी पडते. शिवाय भीती व राग आवरून तोल राखण्याची सवय लागते. आपले रक्षण करणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. ते करताना समोरच्याचेही हाड मोडू नये, एवढे कौशल्य अंगी बाणणे ही दुर्बलता नसून सामर्थ्याची खूण आहे, असे आमचे मत आहे.