करायचं राहिलं आणि करत राहिलो

मागच्या वेळी इच्छा आणि संकल्प यांतला फरक पाहता पाहता वेळ संपली होती. आज तोच धागा घेऊ, पण घरगुती बाजूनं.

पाच आठवड्यांनी आम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतील. आम्ही म्हणजे एकवचनीच बरं का. वर्गात बोलून बोलून लागलेली खोड आहे, आता ती सुटायची नाही. गेल्या वाढदिवशी सूनबाईंनी विचारलं, "बाबा, पंचाहत्तरीच्या आत काय काय करायचं राहिलंय? तुमची बकेट लिस्ट काय?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पण रात्री कॅलेंडरचं फाडलेलं पान उलटं करून त्यावर आठ ओळी लिहिल्या. कळसूबाई. हंपी. ज्ञानेश्वरी अथपासून इतिपर्यंत. वारीत पुणे ते सासवड. पुरणपोळी स्वतःच्या हातानं. मृत्युपत्र. नातीला सायकल. आणि आठव्या ओळीवर फक्त एक अक्षर, आमच्या एका जुन्या मित्राच्या नावाचं. त्याच्याकडे शेवटी येऊ.

हा शब्द तसा अलीकडचा. मरण्यासाठी इंग्रजीत 'बादलीला लाथ मारणे' असा एक वाक्प्रचार आहे, त्यावरून ही 'बादलीची यादी'. सगळीकडे पसरला तो २००७ च्या हॉलिवूडच्या चित्रपटामुळे. जॅक निकल्सन आणि मॉर्गन फ्रीमन, एका खोलीतले दोन कर्करुग्ण, यादी घेऊन जग बघायला निघतात. २०१८ मध्ये माधुरी दीक्षितचा याच नावाचा मराठी चित्रपट आला. त्यात मात्र एक गंमतीचा फरक आहे. तिथली गृहिणी स्वतःची यादी करत नाही. जिचं हृदय तिला मिळालं, त्या तरुण मुलीची यादी ती पुरी करायला घेते. हा फरक लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आपल्याकडे वयाचे टप्पे पूर्वीपासून आहेत. साठीची शांत, पंचाहत्तरीचा अमृतमहोत्सव, मग सहस्रचंद्रदर्शन. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त धरले, तर हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि साधारण १० महिने लागतात. पण या सगळ्यांत म्हाताऱ्यानं पाटावर बसायचं असतं, करणारे दुसरे. 'अमुक वाढदिवसाच्या आत मी स्वतः एवढं करीन' ही मुदत नवी आहे. परीक्षेच्या वेळापत्रकासारखी. आणि आम्ही जन्मभर परीक्षाच घेतल्या, त्यामुळे आम्हाला ती आवडलीही.

तर आठ ओळी झाल्या, आणि वर्षभर एक एक खोडायला लागलो. तेव्हा एक गोष्ट कानाला जाणवली. आम्ही म्हणायचो, "जानेवारीत हंपी बघून टाकू." "मृत्युपत्र करून टाकू." "ज्ञानेश्वरी वाचून टाकू." टाकू, टाकू, टाकू. आता मराठीत 'टाकणे' म्हणजे काय? कचरा टाकतो ते टाकणे. एखादं काम पुरं झालं आणि त्याच्यापासून सुटका झाली, या दोन्ही गोष्टी आपली भाषा एकाच क्रियापदात सांगते. वीजबिल भरून टाकणं ठीक आहे, ते डोक्यावरून जायलाच हवं. पण 'नातीला खेळवून टाकलं' असं कोणी म्हणतं का? म्हणून बघा. कानाला खटकतं.

हे खटकणं फार जुनं आहे. ॲरिस्टॉटलनं आपल्या 'मेटाफिजिक्स'मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं आहे. तो व्याकरणाचीच कसोटी लावतो. आपण ती मराठीत लावू. 'मी घर बांधतो आहे' हे खरं असेल तेव्हा 'मी हे घर बांधलं आहे' हे खरं असतं का? नाही. घर बांधून झालं की बांधणं संपलं. दोन्ही वाक्यं एका वेळी खरी होत नाहीत. पण 'मी चंद्र पाहतो आहे' म्हणताना 'मी चंद्र पाहिला आहे' हेही त्याच क्षणी खरं असतं. पाहणं पूर्ण व्हायला पुढचा क्षण लागत नाही, आणि पूर्ण झालं म्हणून थांबावंही लागत नाही. पहिल्या प्रकारात कृती स्वतःच्या शेवटाकडे निघालेली असते. दुसऱ्यात शेवट कृतीच्या आतच असतो.

एमआयटीत शिकवणारे कीरन सेटिया यांनी २०१७ च्या 'मिडलाइफ' या पुस्तकात हाच भेद आपल्या रोजच्या जगण्याला लावला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या गोष्टींना शेवट आहे, त्यांच्यावरच सगळं जीवन लावलं, तर आपण एक विचित्र धंदा करतो. जे जे मोलाचं वाटतं, ते ते संपवून आयुष्यातून बाहेर काढत जातो. यश मिळालं की ती गोष्ट गेली, नाही मिळालं तर तीच गोष्ट छळते. मधे हातात काय उरलं?

जॉन स्टुअर्ट मिलवर हीच वेळ विसाव्या वर्षी आली. वडिलांनी तीन वर्षांच्या मुलाला ग्रीक शिकवायला घेतलं होतं, समाजसुधारणेची सगळी यादी त्याला पाठ. १८२६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यानं स्वतःला विचारलं, की समजा, या सगळ्या सुधारणा आत्ता या क्षणी झाल्या, तर तू सुखी होशील का? आतून उत्तर आलं, नाही. माणूस कोसळला. सावरायला पुढं वर्ड्‌स्वर्थच्या कविता उपयोगी पडल्या, म्हणजे डोंगर, आकाश, पाहणं. संपणारी गोष्ट नव्हे. विशीतल्या मिलला जे कळलं, ते आम्हाला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कॅलेंडरच्या पाठीवर कळतंय. असो.

आता आमच्या यादीचं काय झालं, ते सांगतो.

पहिली आली वारी, आषाढाच्या आधी. पुण्याहून सासवड, मधे दिवे घाट, तीसेक किलोमीटर. पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाय आमचे राहिले नव्हते. रात्री पान काढून ओळ खोडायला पेन घेतलं, तर शेजारी पाय चोळत बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "माउली, पुढच्या साली कुठल्या दिंडीत?" त्यांची ती बाविसावी की तेविसावी वारी होती. त्यांना 'वारी झाली' म्हणजे काय, हेच कळेना. ॲरिस्टॉटल चालण्याला बांधण्याच्या रांगेत बसवतो, कारण चालणं कुठंतरी पोचण्यासाठी असतं. त्यानं वारी पाहिली नव्हती. पंढरपूर आहेच, पण पंढरपूरला पोचून टाकायचं नसतं. आम्ही पेनाला टोपण लावलं.

डिसेंबरात कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक. बारी गावातून पहाटे निघालो, बरोबर पुतण्या. लोखंडी शिड्या लागतात, त्यातल्या दोन चढलो. शेवटच्या शिडीच्या अलीकडे गुडघ्यानं स्पष्ट नकार दिला. पुतण्या म्हणाला, "काका, दहा मिनिटं राहिलीत फक्त. फोटो तर काढू." खरं सांगायचं तर तेव्हा फार राग आला. पुतण्याचा नाही, त्या दहा मिनिटांचा. खाली येताना एका बाईंकडून ताक घेतलं, दगडावर बसलो, समोर भंडारदऱ्याचं पाणी. तासभर बसलो असू. तो तास 'कळसूबाई चढणे' या ओळीत कुठंच बसत नव्हता, आणि चढून वर गेलो असतो तर तो मिळाला असता असंही नाही. म्हणून अपयश गोड होतं म्हणाल, तर नाही. शिखर राहिलं ते राहिलंच, आणि अजून खुपतं.

इथं मराठीनं एक चमत्कार करून ठेवला आहे. 'राहणे' बघा. 'करायचं राहिलं' म्हणजे झालं नाही. 'करत राहिलो' म्हणजे थांबलो नाही. उणीव आणि सातत्य, दोन्हींना एकच धातू. सूनबाईंनी विचारलं होतं, काय करायचं राहिलंय. पण आम्ही आयुष्यभर काय करत राहिलो, हे त्या पानावर कुठंच नव्हतं. सकाळी सहाला चहा करून बायकोला उठवणं यादीत नव्हतं. ते कधी 'राहिलं'च नव्हतं ना!

मग आम्ही चाळा म्हणून प्रत्येक ओळीला क्रियापद जोडून पाहिलं. हंपी बघून टाकली, काही बिघडलं नाही. तुंगभद्रेकाठचे ते दगड आमच्या खोडण्याची वाट बघत नव्हते. मृत्युपत्र करून ठेवलं. 'ठेवणे' वेगळं, ते पुढच्या माणसासाठी असतं. ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९००० ओव्या. रोज पंचवीस धरल्या तर वर्षात होतात, असा हिशेब करून सुरू केलं. सहाव्या अध्यायापाशी हिशेब बंद पडला, कारण एकाच ओवीपाशी तीन दिवस गेले. ती आता वाचत राहू. नातीला सायकल शिकवून दिली. खरं तर ती तिच्या मैत्रिणींबरोबरच शिकली, आम्ही मागून कॅरिअर धरून पळालो.

या 'देणे'वरून एक आठवण. आमच्या वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवेना. उन्हं चढली. आम्ही तेव्हा नुकतेच तत्त्वज्ञान शिकलेले, मनातल्या मनात हसत होतो. काकांनी हात जोडून सांगितलं, "दादा, धाकटीचं शिक्षण पुरं करून देऊ." काही वेळानं कावळा आला. कावळ्याला काय कळतं, हा प्रश्न सोडा. घाटावर जमलेली माणसं त्या वेळी काय करत असतात? गेलेल्याची यादी वाचत असतात. आणि आपण ऐकलेल्या या याद्या आठवून बघा. लग्न करून देऊ, घर सोडवून घेऊ, भावाला अंतर देणार नाही. 'दादा, तुमचं काश्मीर बघायचं राहिलं होतं, आम्ही बघून येऊ' असं म्हणताना आम्ही तरी कोणाला ऐकलं नाही. त्या मराठी चित्रपटातली गृहिणी दुसऱ्याची यादी हातात घेते, तिची जात या घाटावरच्या माणसांशी जुळते.

आता आठवी ओळ.

तेवीस वर्षांपूर्वी विभागप्रमुख कोणी व्हायचं, यावरून आम्ही या मित्राविरुद्ध समितीला एक टिपण दिलं. त्यातली एक गोष्ट खरी नव्हती, आणि लिहिताना ते आम्हाला माहीत होतं. पद आम्हाला मिळालं. तो दुसऱ्या गावी गेला. त्यानंतर बोलणं नाही. फेब्रुवारीत त्याच्या घरी गेलो. दार त्यानंच उघडलं, "ये" म्हणाला. चहा झाला. आम्ही प्रवासात तयार केलेली चार वाक्यं म्हणून टाकली. बघा, इथंही टाकलीच. तो ऐकून घेऊन म्हणाला, "टिपण तू दिलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण तेवीस वर्षं सोडून आत्ताच कसा आलास?" आम्हाला खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून पंचाहत्तरीचं आणि यादीचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी हंपीच्या खाली आहे तर. मागून टाकलीस ना माफी? खोड मग आता, आणि मोकळा हो."

माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटचं म्हणणं आम्ही किती तुकड्यांना शिकवलं असेल! त्या खुर्चीत बसून ते पहिल्यांदा समजलं. आमच्या मोकळं होण्यासाठी आम्ही त्याला वापरायला गेलो होतो. कबुली द्यायला हवी होती, त्यात शंका नाही, पण तिच्यावर वाढदिवसाची तारीख घातली होती ती आमच्या सोयीसाठी.

आम्ही उठलो. त्यानं फाटकापर्यंत पोचवलं, आणि तिथं बोअरला पाणी लागत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही, असलं काहीबाही अर्धा तास बोलत उभा राहिला. परत आल्यावर पुढच्या रविवारी आम्ही फोन केला. त्यानं उचलला. गेले तीन रविवार करतो आहोत. त्यानं माफ केलं का, हे त्यानं सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारलेलं नाही. परवाच्या फोनवर कांटवरून भांडण झालं, पूर्वीसारखं.

पान अजून टेबलाच्या खणात आहे. तीन ओळी खोडल्या आहेत, आठवी तशीच आहे. पुरणपोळी होळीला करून बघणार आहोत. सूनबाईंनी आधीच बजावलंय की पहिल्या दोन फुटतील, कणीक सैल भिजवा. आता वेळ आहे, प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या बाईंचा हात मघापासून वर आहे.