गोठ्यांतील सुई आणि तिची थकबाकी

प्रस्तुत लेखकाची उमेद महसूल खात्यांतील कारकुनींत खर्ची पडली. त्या नोकरींत एक गोष्ट मनावर पक्की ठसली कीं, थकबाकी कधीं बुडत नाहीं. ती पुढल्या सालच्या वसुलींत दंडासह येऊन उभी राहते. निवृत्त झाल्यावर पारनेर तालुक्यांतील वडिलार्जित जमिनीवर राहून दोन संकरित गाई पाळल्या, तेव्हां हाच नियम गोठ्यांतील औषधांसही लागू असल्याचें अनुभवास आलें. तो अनुभव वाचक बंधूंच्या उपयोगी पडावा, म्हणून येथें देत आहें.

आमचा तालुका अवर्षणाचा. पिकानें दगा दिला तरी दुधाचा पैसा हातीं येतो, म्हणून पुष्कळ घरांत गाय हेंच खरें पीक होऊन बसलें आहे. अशा गाईची कास सुजली व धारेबरोबर दुधांत गुठळ्या येऊं लागल्या, म्हणजे घरांतील सर्वांचा जीव खालींवर होतो. हीच दगडी, वैद्यकांत हिला कासदाह म्हणतात. दोन वर्षांपूर्वीं माझ्या गाईच्या एका सडास हा रोग झाला. डॉक्टरांस न बोलावितां मागील खेपेचीच सुई दुकानांतून आणून गड्याकडून टोंचविली. दोन दिवसांत सूज उतरली. पैसे वांचले असें समजून मीं औषध थांबविलें, आणि दूधही लागलीच केंद्रावर घातलें. महिन्याभरानें रोग परतला. पुन्हां तीच सुई, पुन्हां तोच हिशेब. तिसऱ्या खेपेस मात्र सुईचा कांहींच गुण येईना. मग पशुवैद्य आले व त्यांनीं दुधाचा नमुना तपासणीस पाठविला. उत्तर आलें कीं, या जंतूंवर तें औषध चालत नाहीं. दुसऱ्या औषधानें गाय वांचली. परंतु तो सड कायमचा निकामी झाला. चूक सर्वस्वीं माझी होती.

असें कां व्हावें? कासेंत रोगजंतु कोट्यवधि असतात, व ते सारेच सारखे नसतात. एखादा जंतु मुळांतच त्या औषधास दाद न देणारा निघतो. वरवर खुरपणी केली असतां कोंवळें तण निघून जातें, हरळीच्या काशा तेवढ्या मागें राहतात, आणि रान मोकळें मिळाल्यामुळें पुढें हरळीच माजते. तसेंच हें आहे. हरळीपेक्षां जंतु अधिक घातक अशासाठीं कीं, ते आपली ही शक्ति शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूंसही देऊं शकतात. शेण, खत, पाणी, कच्चें दूध व आपले हात यांच्या वाटेनें ते गोठ्यांतून घरांत व शेजारीं पोंचतात. मग उद्यां घरांतील लेंकरूं आजारी पडलें, तर त्याच्याही औषधाचा गुण न येण्याचा संभव असतो.

ही भीति नवी नव्हे. सन १९२८ मध्यें पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं सन १९४५ मध्यें नोबेल पारितोषिक स्वीकारतांनाच, अपुऱ्या मात्रेनें जंतु निर्ढावतील, असा इशारा दिला होता. अगदीं अलीकडील उदाहरण कोलिस्टिन या औषधाचें. माणसावर इतर औषधें चालेनाशीं झालीं म्हणजे हें शेवटचें म्हणून राखून ठेवलेलें. परंतु तेंच कोंबड्या व डुकरें लवकर वाढावींत म्हणून खाद्यांत मिसळलें जाई. सन २०१५ मध्यें चीनमध्यें, त्यास न जुमानण्याची शक्ति एका जंतूपासून दुसऱ्यास देणारें बीज डुकरांतील जंतूंत सांपडलें. पुढें जुलै २०१९ मध्यें भारत सरकारनें खाद्योपयोगी जनावरें व कोंबड्या यांच्यासाठीं या औषधाचा वापर बंद केला.

दुसरी बाब दुधाची. टोंचलेलें औषध कांहीं दिवस दुधांत उतरतें, आणि पुष्कळ औषधें दूध उकळल्यानेंही नाहींशीं होत नाहींत. अशा दुधास विरजण लावलें तर दहीं नीट लागत नाहीं, कारण औषध विरजणांतील उपयोगी जंतूंसही मारतें. म्हणून सुईनंतर किती दिवस दूध विकूं नये, हें औषधाच्या वेष्टनावर छापण्याचा नियम सन २०१२ मध्यें झाला. ज्या औषधाची मुदत तपासून ठरलेली नाहीं, त्यास दुधासाठीं निदान ७ दिवस व मांसासाठीं निदान २८ दिवस धरावे, असें त्यांत आहे.

कोणी म्हणेल, सात दिवसांचें दूध टाकावें तर घर कसें चालावें? शंका रास्त आहे. दिवसास १० लिटर देणाऱ्या गाईचें ७ दिवसांचें ७० लिटर दूध जातें. परंतु एक सड गेला म्हणजे, ढोबळ हिशेबानें, रोज अडीच लिटर गेलें. तितकीच हानि २८ दिवसांत होऊन ती पुढें चालूच राहते.

तात्पर्य, रोग होऊंच न देणें हेंच स्वस्त. धार काढण्यापूर्वीं हात व कास धुवून कोरडी करावी. दुखऱ्या गाईची धार सर्वांच्या शेवटीं काढावी. धारेनंतर सडाचें तोंड कांहीं वेळ उघडें राहतें, म्हणून त्याच वेळीं वैरण टाकावी, म्हणजे गाय अर्धा तास तरी उभी राहील. विषाणूच्या रोगांत, जसा सन २०२२ मध्यें आपल्या राज्यांत पसरलेला लम्पी, हीं औषधें मूळ विषाणूस मारीत नाहींत. जखमा चिघळल्या तर त्यांची जरूर आहे कीं नाहीं, हें पशुवैद्यांनींच ठरवावें. त्यांनीं सांगितलेली मात्रा व दिवस पुरे करावे.

शेवटीं एका जुन्या कारकुनाची सूचना. गोठ्यांत एक वही टांगावी व तींत पांच रकाने आंखावे: जनावर, रोग, औषध व मात्रा, तारीख, आणि दूध कधींपासून घालावयाचें. सातबाऱ्यावरील नोंद जशी आपण डोळ्यांत तेल घालून पाहतों, तशीच ही नोंद पाहावी. माझ्या गोठ्यांत ही वही आतां आहे. एक सड गेल्यावर आली, इतकेंच दुःख. वाचकांनीं ती त्याआधीं टांगावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.