सवलतींची यादी आणि मे महिन्यातली खोली

सहीआधी : लेखांक ६

धुळ्याच्या एका पेट्रोल पंपावर आम्ही बक्षीस योजनेची चिठ्ठी भरली होती. पंधरा दिवसांनी फोन आला. गिफ्ट लागलंय, फक्त नवरा-बायको दोघांनी या, तासाभराचं काम आहे. साक्रीहून गेलो. हॉटेलच्या हॉलमध्ये वीसेक टेबलं, मोठ्यानं लावलेली गाणी आणि दर थोड्या वेळानं माइकवरून कुणीतरी नवा सभासद झाल्याची घोषणा. तासाचे अडीच तास झाले. कंपनीचं नाव इथं महत्त्वाचं नाही, कारण असा हॉल आणि असा माइक अनेकांच्या वाट्याला आलेला आहे.

समोरच्या मुलानं रिसॉर्टबद्दल दहा मिनिटं सांगितलं आणि सवलतींबद्दल तासभर. जेवणावर सूट, स्पावर सूट, कपड्यांच्या दुकानांत सूट, विमानाच्या तिकिटावर सूट, वाढदिवसाला व्हाउचर. माझी पत्नी शिक्षिका आहे. तिनं एवढंच विचारलं, "भाऊ, आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर, मे महिन्यात, महाबळेश्वरला आम्हाला चार रात्री मिळतील का?" मुलगा हसून म्हणाला, "उपलब्धतेनुसार, मॅडम." त्या दिवशी सही झाली नाही, ती या एका शब्दामुळे.

सभासदाला मिळणाऱ्या सवलतींना खरंच किती अर्थ असतो, हे आजच्या लेखांकात पाहायचं आहे. मागच्या पाच लेखांकांवर आलेल्या पत्रांमध्ये हाच प्रश्न सर्वांत जास्त होता.

आधी टाइमशेअरचं, म्हणजे अशा सभासदत्वामागचं, साधं गणित. एका खोलीचे वर्षात ५२ आठवडे. एकेक आठवडा एकेका कुटुंबाला विकला, तर एका खोलीमागे ५२ सभासद होतात. युरोपात १९६० च्या दशकात ही कल्पना सुरू झाली. आपल्याकडे चेन्नईच्या स्टर्लिंग कंपनीनं १९८६ पासून ती रुजवली, १९९६ मध्ये महिंद्रा समूहाची कंपनी आली आणि 'क्लब महिंद्रा' हे नाव घरोघरी पोचलं. पुढे २०१४ मध्ये स्टर्लिंग थॉमस कुककडे गेली. ५२ कुटुंबांना ५२ आठवडे, कागदावर हिशेब चोख आहे. पण मुलांच्या शाळा त्या कागदाप्रमाणे चालत नाहीत. मे-जूनची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी मिळून आठ-नऊ आठवडे होतात आणि शाळकरी मुलं असलेली सगळी कुटुंबं तेवढेच आठवडे मागतात. म्हणून कंपन्या वर्षाचे हंगाम पाडतात आणि त्यांना रंगांची नावं देतात. जांभळा सगळ्यात महाग, मग लाल, पांढरा, निळा. स्वस्त रंगाच्या सभासदाला महाग रंगाच्या दिवसांत हक्कानं खोली मागता येत नाही.

आता आपल्या भागाचं वर्ष या रंगांवर ठेवून पाहा. पावसाळ्यात बहुतेक रिसॉर्ट रिकामी असतात आणि सवलती भरपूर असतात. पण तेव्हा शेतात निंदणी, फवारणी चालू असते. श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी बसते आणि पुण्या-सुरतेला गेलेले भाऊबंदही तेव्हा घरी येतात. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत म्हणून घरातलं माणूस हलत नाही. हिवाळ्यात कांद्याची लागवड. थोडा मोकळा श्वास मिळतो तो उन्हाळ्यात, कांदा चाळीत गेल्यावर. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, भाचरं घरात असतात, आणि तेव्हाच कुठंतरी जाऊ म्हणावं तर तो जांभळा हंगाम. नोकरदाराचंही तेच, त्याची सुट्टी मुलांच्या शाळेला बांधलेली. ज्याच्या तारखा मोकळ्या आहेत, त्या निवृत्त जोडप्याला ही यादी खरोखर फायद्याची आहे. साक्री-पिंपळनेरच्या शेतकऱ्याच्या आणि शिक्षकाच्या तारखा मोकळ्या नसतात. आमच्या एका शेजाऱ्यांनी सभासदत्व घेऊन तीन वर्षं झाली. परवा पारावर त्यांनी अहिराणीत विचारलं, "पैसा भरी दिना, पन खोली कव्हय भेटी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सवलतीची किंमत मोजायची कशी, तेही पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या करारातले घालून तुम्ही पुन्हा मांडा. समजा, २५ वर्षांचं सभासदत्व ४ लाखांना घेतलं आणि वर्षाची देखभाल फी २० हजार. तेच ४ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला २८ हजार व्याज आलं असतं. म्हणजे वर्षाचे ४८ हजार झाले. सात रात्रींनी भागा. एक रात्र ६,८५७ रुपयांना पडली, आणि २५ वर्षांनी मुद्दलही परत येणार नाही. फी दरवर्षी सारखी राहत नाही, आणि तुम्ही गेलात काय, न गेलात काय, ती भरावीच लागते. एका वर्षी आजारपणामुळे जाणं झालं नाही, तर त्या वर्षीची एकही सवलत तुमच्या हाती लागत नाही, फी मात्र जाते.

आता जेवणावरची २० टक्के सूट घ्या. चौघांचं रिसॉर्टमधलं जेवण दिवसाला ४ हजार धरलं, तर सात दिवसांचे २८ हजार. सूट ५,६०० रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण रिसॉर्टबाहेर साध्या खानावळीत दिवसाला दीड हजारात भागत असेल, तर सात दिवसांचे साडेदहा हजार होतात. सूट घेऊन आपण २२,४०० दिले आणि वाचवले असं समजलो. जो खर्च आपण एरवी केलाच असता, त्यावरची सूट म्हणजे बचत. एरवी केलाच नसता त्यावरची सूट म्हणजे नवा खर्च. कपड्यांच्या नि विमानाच्या सवलतींना हीच कसोटी लावा, यादीतलं बरंचसं गळून पडेल.

तरी सगळंच टाकाऊ नाही. काही सुविधांना मी खरं मोल देतो. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षात नेता येणं ही त्यातली पहिली. एखाद्या वर्षी पीक हातचं गेलं, तर तिचा मोठा आधार होतो. दुसरी, आपल्या रात्री आई-वडिलांना किंवा लग्न झालेल्या बहिणीला देता येणं, तेही जादा पैसे न घेता. तिसरी, अदलाबदल. अमेरिकेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या आरसीआयसारख्या संस्थेमार्फत आपला आठवडा देऊन दुसऱ्या गावचा, दुसऱ्या देशातलाही आठवडा घेता येतो. मात्र त्याची फी वेगळी असते आणि बदल्यात काय मिळणार, हे आपण कोणता आठवडा दिला यावर ठरतं. या तिन्ही गोष्टी पाहुणचाराच्या नाहीत, हक्काच्या आहेत, आणि त्या करारात लिहिलेल्या असल्या पाहिजेत. माहितीपत्रकातली सवलत कंपनीला बदलता येते. करारातलं कलम एकतर्फी बदलणं तितकं सोपं नसतं.

एक सवलत अशी आहे, की तिचं नाव निघताच उठून चालू लागावं. 'फिरायला गेला नाहीत, तर पैसे वाढवून परत.' महाराष्ट्रानं याची जबर किंमत मोजली आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्सनं हॉटेलातल्या 'रूम नाइट्स' विकल्या. मुदत संपली की राहायला जा, नाहीतर त्या परत देऊन जास्तीची रक्कम घ्या. लोकांनी खोली पाहिली नाही, परताव्याचा आकडा पाहिला. ओळखीचाच एजंट, त्यामुळे विश्वासही बसला. सेबीनं जुलै २०१४ मध्ये ही सामूहिक गुंतवणूक योजनाच असल्याचं सांगून नवी वसुली थांबवली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. रक्कम होती ७,०३५ कोटी, गुंतवणूकदार ५१ लाखांच्या आसपास. मोलमजुरी करणाऱ्या बायकांचे, रिक्षावाल्यांचे पैसे त्यात होते. ते सुट्टीला जाणारे लोक नव्हतेच. त्यांना सुट्टीच्या नावाखाली ठेव विकली गेली, याचा राग मला आजही येतो.

खरं टाइमशेअर पैसे वाढवून देत नाही, ते फक्त राहायला जागा देतं. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार सही केल्यावर १४ दिवसांत कारण न देता करार मोडता येतो. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून रद्द करण्याची मुदत करारात किती दिवसांची आहे, ते सहीआधी बोट ठेवून वाचा. तोंडी दिलेली प्रत्येक सवलत कागदावर लिहून मागा आणि त्याखाली शिक्का घ्या. लिहून देत नसतील, तर ती सवलत नाही असं समजा.

फसवणूक झालीच, तर कंपनीच्या गावी धावावं लागत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण जिथं राहतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर साक्रीच्या माणसाला धुळ्याचा जिल्हा आयोग पुरतो. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पाहा. पावत्या, ईमेल, मेसेज आणि खोली नाकारल्याच्या तारखा एका वहीत लिहून ठेवा. शेजाऱ्यांना मी हेच सांगितलं. त्यांनी आता मे महिन्याची मागणी लेखी पाठवली आहे, चार तारखांचे पर्याय देऊन.

पुढच्या लेखांकात : देखभाल फी दरवर्षी कशी वाढते आणि ती थकली तर काय होतं.